सेट न झालेला हार

ठोकळ्यावर मी अंगठा दाबला आणि उचलला. ठसा तिथंच राहिला, अंगठ्याच्या रेषा मोजता याव्यात इतका स्पष्ट.

"झालं का?" अण्णांनी खुर्चीतून विचारलं.

"नाही."

"थंडी आहे. अजून एक दिवस ठेव."

"तीन दिवस झालेत, अण्णा. तुम्ही रोज हेच म्हणताय."

त्यांनी मांडीवरच्या पेपरची घडी केली आणि चहाचं पातेलं गॅसवर ठेवायला उठले. मी साचा हलवून पाहिला. आतलं सगळं नीट न जमलेल्या खरवसासारखं थरथरलं, आणि त्याबरोबर आत बुडालेला नसीमबाईंचा हारही.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा साताऱ्यात शाहूपुरीत राहायचो. नवरा शिरवळच्या कारखान्यात, घरी यायचा शनिवारी. मागची पडवी बंद करून घेतली होती, तिथं मी रेझिनच्या वस्तू करायचे. काम ऐकायला सोपं. एका बाटलीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर वजनावर मोजायचं, ढवळायचं, साच्यात ओतायचं. दिवसाभरात ते काचेसारखं घट्ट होतं आणि आत ठेवलेली वस्तू कायमची तशीच राहते. लग्नातले हार, बाळाचं जावळ, कुणाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी. दोन वर्षं मी हे करत होते आणि एकही वस्तू वाया गेली नव्हती.

डिसेंबर लागला आणि सगळं बिनसलं. कधी वरून चिकट, कधी आतून मऊ, कधी एका कोपऱ्यात गोंदासारखं ओलं. आणि सगळंच बिघडतं असंही नव्हतं, खरी चीड त्याची होती. पाचांतले दोन ठोकळे नीट निघायचे, तीन हाताला चिकटायचे. सरसकट बिघडलं असतं तर मी बाटल्या फेकून मोकळी झाले असते. ते दोन चांगले ठोकळे मला पुन्हापुन्हा कामाला बसवायचे.

अण्णा माझ्याकडे राहायला आले ते नोव्हेंबरात. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि मेढ्याच्या घरात ते एकटे होते. दत्तात्रय शेवाळे, पण तालुक्यात त्यांना त्या नावानं कुणी ओळखत नसे. शेवाळे कंपाउंडर म्हटलं की लगेच कळायचं. सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी औषधं मोजली, ढवळली, बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून लोकांच्या हातात दिली. डॉक्टर येत-जात राहिले, कंपाउंडर तोच राहिला. माझ्याकडे आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझा वजनकाटा उचलून उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मोजायचं काम माझ्याकडे दे." आई गेल्यापासून त्यांनी आपणहून काही मागितलं ते हेच पहिलं. मी हातमोजे घालून साचे लावायचे, ते शेजारी बसून मोजून कप पुढे सरकवायचे. लहानसहान कप घाईत मीच भरायचे, मोठी मापं त्यांची.

त्यांना साखर होती वीस वर्षांपासून. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन स्वतःच्या हातानं टोचून घ्यायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या हिवाळ्यात सकाळचे साडेअकरा वाजले की त्यांना घाम फुटायचा. खिशातून पेपरमिंटची गोळी काढून ते डोळे मिटून चघळत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "हवा बदलली ना." माझं लक्ष साच्यांकडे असायचं.

नसीमबाई आतार उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची अम्मी चाळीस वर्षं मोती चौकात टोपली घेऊन फुलं विकायची. नातीच्या, म्हणजे सानियाच्या निकाहासाठी म्हातारीनं गुलाब आणि शेवंतीचा हार स्वतः गुंफला आणि आठव्या दिवशी ती गेली. नसीमबाई तो हार ताटात घेऊन माझ्याकडे आल्या. मी तो सुकवून दिला तेव्हा त्यांनी मधोमध दोरा कापला आणि म्हणाल्या, "अर्धा आधी करून दाखव. अर्धा माझ्याकडे राहू दे." सानिया बारा फेब्रुवारीला नवऱ्याबरोबर मस्कतला जाणार होती. त्याआधी तो ठोकळा तिच्या बॅगेत जायला हवा होता.

आणि वीस जानेवारीला मी त्यात अंगठा रुतवून बसले होते.

पुण्याच्या पुरवठादाराला मी फोन लावला. आठवड्यातला तिसरा.

"मॅडम, साताऱ्यात थंडी किती आहे सध्या?"

"पहाटे अकरा-बारा अंश असते. पण मी बाटल्या कोमट पाण्यात ठेवून मग वापरतेय. ओतल्यावर खोक्यात बल्ब लावतेय."

"ढवळताय किती वेळ?"

"पाच मिनिटं. घड्याळ लावून. कपाच्या कडा, तळ, सगळं."

"रंग घालताय?"

"यात थेंबभरही रंग नाही."

"फुलं ओली असतील."

"फुलं मी बारा दिवस सुकवलीत. आणि फुलं नसलेले ठोकळेही बिघडलेत."

 "माप नीट घेताय ना?"

"माझे वडील छत्तीस वर्षं कंपाउंडर होते," मी म्हणाले. "तेच मोजतात."

"मग प्रश्नच नाही," तो म्हणाला. "नवीन बॅच पाठवतो, ती वापरून बघा."

नवीन बाटल्या आल्या. त्यातून मी एक साधा ट्रे ओतला. दुसऱ्या दिवशी त्यावर बोट टेकवलं तर बोटाबरोबर तार निघाली. मी तो ट्रे होता तसा न्हाणीघरात आपटला. अण्णा दारात येऊन उभे राहिले.

"आपटून काय होणार?"

"काहीच होणार नाही. म्हणूनच आपटला."

"बल्ब जरा जवळ घे. खोक्याचा कोपरा गार राहत असेल."

"अण्णा, बल्ब, थंडी, बाटली, सगळं करून झालंय. मला आता काही सुचवू नका."

ते निमूट आत गेले. 

पहिल्या ठोकळ्यातला हार चिमट्यानं काढता येतो का, तेही मी पाहिलं. एका गुलाबाच्या पाकळ्या सुटून हातात आल्या, लाल चिखलासारख्या. मग मी चिमटा खाली ठेवला आणि नसीमबाईंकडे गेले.

त्यांनी मला पाटावर बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे न तोडता ऐकलं. मास्तरीणबाई होत्या, मुलगी चुकत चुकत उत्तर देत असताना ऐकायची सवय असणार.

"म्हणजे तो अर्धा गेला," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"कशामुळे गेला?"

"तेच कळत नाहीये."

"कळलं नाही आणि दुसरा अर्धा मागायला आलीस?"

 "आज देऊ नका," मी म्हणाले. "कारण सापडलं की येईन. नाही सापडलं तर येणार नाही."

त्यांनी कपाटाकडे पाहिलं, बहुतेक हार तिथं होता. "सापडलं तरच ये," त्या म्हणाल्या. "आणि एकदाच ये."

परतताना राजवाड्यापाशी रस्त्यात उभी राहून मी ठरवलं, आता अंदाज बंद. घरी गेल्यावर अण्णांना म्हणाले, "दवाखान्यात एखाद्या औषधाचा त्रास झाला तर तुम्ही काय करायचात?"

"एकेक गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवायचं." त्यांचा चेहरा जरा उजळला. "चिठ्ठ्या लावून ठेवायच्या. लक्षात राहील म्हणायचं नाही."

तसे आम्ही आठ कप घेतले. प्रत्येकावर चिठ्ठी. एकात जुनी बाटली, एकात नवी. एक बल्बखाली, एक नुसताच उघडा. एक पाच मिनिटं ढवळलेला, एक दहा. एकात फूल, एक रिकामा. प्रत्येकात एकशेसाठ ग्रॅम रेझिन, ऐंशी ग्रॅम हार्डनर. चार कप अण्णांनी मोजले. मग साडेअकरा वाजले आणि त्यांना घाम सुटला. "जरा पडतो," म्हणून ते आत गेले. मी थांबले असते तर बाटलीतलं गरम केलेलं रेझिन पुन्हा गार झालं असतं. उरलेले चार मीच मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी एकेका कपात लाकडी काडी टोचत गेले.

एक मऊ. दोन मऊ. तीन मऊ. चार मऊ.

पाच टणक. सहा टणक. सातव्यावर काडी मोडली. आठव्यावरून नखही घसरलं.

मी चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. मऊ कपांत जुनी बाटलीही होती आणि नवीही. बल्बखालचाही होता आणि उघडाही. टणक कपांत फूल घातलेलाही होता आणि रिकामाही. थंडी नव्हे, बाटली नव्हे, फूल नव्हे. पहिले चार आणि नंतरचे चार, यांत फरक एकच होता.

आधी मी काट्यावर संशय घेतला. घेणं सोयीचं होतं. शंभर ग्रॅमचा न फोडलेला बिस्किटाचा पुडा ठेवला. काट्यानं एकशेतीन दाखवले, वेष्टनासकट तेवढेच असणार. मग मी रिकामा कप ठेवून काटा शून्यावर आणला, कपात पाणी ओतलं आणि साठावर थांबले.

"अण्णा, जरा इकडे येता?"

ते नाश्त्याआधीच्या गडबडीत होते, तरी आले.

"किती दाखवतोय?"

ते वाकले. डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केलं. "ऐंशी," ते म्हणाले.

 त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रांगेत ठेवलेल्या कपांकडे. पहिल्या कपात बोट घातलं, मग दुसऱ्यात. चौथ्यापर्यंत गेले आणि पाचव्यावर बोट टेकवून तसेच उभे राहिले.

"साठ आहे का ते?"

"हो."

त्यांनी बोट धोतराच्या सोग्याला पुसलं. रेझिन धोतराला चिकटलं.

"कधीपासून दिसत नाहीये?" मी विचारलं.

"दिसतं. अगदी दिसत नाही असं नाही." मग म्हणाले, "दिवाळीपासून. आकडे एकमेकांत मिसळतात. सहा, आठ, शून्य, तीन. त्या काट्याचे तर सगळे सारखेच."

"आणि तरीही मोजत होतात?"

"लख्ख उजेडात जमायचं. जमतंय असं वाटायचं."

"पवारकाकूंना इंजेक्शन द्यायचं बंद केलंत, ते म्हणूनच?"

मेढ्याहून आल्यावर शेजारच्या पवारकाकू आठवड्याला त्यांच्याकडून इंजेक्शन टोचून घ्यायच्या. डिसेंबरात एक दिवस अण्णांनी त्यांना सांगून टाकलं, नियम बदललेत, दवाखान्यात जा.

"हो," अण्णा म्हणाले. "तिथं जिवाचा प्रश्न होता. तुझ्या कामात कुणी मरणार नव्हतं."

 दीड महिना मी त्या पडवीत काय काय केलं होतं, ते सगळं मला बोलून दाखवायचं होतं. कुणी मरणार नव्हतं म्हणून माझा हार मेला तर चालतो, असं काहीतरी मी म्हणणार होते. शब्द जुळवत होते. तेवढ्यात ते वळले, फ्रिजकडे गेले, इन्सुलिनची बाटली काढली. न्याहारीआधीची त्यांची वेळ झाली होती, आणि समोर अवघड काही आलं की नेहमीच्या कामात शिरायचं, हा त्यांचा स्वभाव होता.

खिडकीपाशी उभं राहून त्यांनी सुई बाटलीत खुपसली आणि दट्ट्या मागे ओढला. सिरिंज उजेडात धरली. डोकं एकदा डावीकडे केलं, एकदा उजवीकडे.

आत्ता काट्यासमोर केलं होतं तसंच.

मी तीन पावलांत तिथं पोचले आणि त्यांचं मनगट धरलं.

"किती घेतलंय?"

"सोळा. सोड, वेळ होतेय."

मी सिरिंज त्यांच्या बोटांतून काढून घेतली. बारीक रेघा होत्या, मलाही डोळ्यांजवळ धरावी लागली. चोवीस होतं. सोळाच्या जागी चोवीस, आणि असं रोज किती जास्त, किती कमी, कोण जाणे. साडेअकराचा तो घाम, पेपरमिंटच्या गोळ्या, सगळं एकदम माझ्यापुढे उभं राहिलं. दीड महिना मी बल्ब किती अंतरावर लावायचा ते बघत होते.

"चोवीस आहे, अण्णा."

त्यांनी हात पुढे केला, सिरिंज परत मागण्यासाठी, आणि मग तो हात तसाच खाली नेला. खुर्चीवर बसले. मी सोळा युनिट ठेवून बाकीचं काढून टाकलं आणि त्यांना टोचलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला सुई टोचली. त्यांनी दंड पुढे केला नाही, शर्टाची बाही मलाच वर करावी लागली.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि डाव्याच्या मागच्या पडद्यावर साखरेनं आधीच नुकसान केलंय. उजवा सुधारेल, डाव्याचं सांगता येत नाही. इन्सुलिनचं ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला. "एखाद्या पहाटे झोपेतच साखर उतरली असती," ते मला म्हणाले, "तर तुम्हाला हाक मारायलाही ते उठले नसते."

त्यानंतर मी माझा राग गिळून टाकला. माणूस वाचला होता, ठोकळ्यांबद्दल बोलायचं कशाला. भावाचा फोन आला, तो म्हणाला, वयात असं होतंच. नवरा शनिवारी आला, त्यानं अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. पवारकाकूंनी खीर आणून दिली. कामाचं कुणी विचारलं की मी म्हणायचे, हार्डनर खराब निघाला होता. अण्णांसमोरही तेच म्हणायचे. ते दिवसेंदिवस गप्प होत गेले. पडवीत येईनासे झाले. मला वाटलं, डोळ्यांची काळजी.

मी नसीमबाईंकडे गेले. कारण सापडलंय, एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि अर्धा हार दिला. मी एकटीनं मोजलं, प्रत्येक माप दोनदा. तीन थरांत ओतलं, एक थर घट्ट झाल्यावर दुसरा. नऊ फेब्रुवारीला साचा उघडला. मधल्या गुलाबाशेजारी मोहरीएवढा बुडबुडा राहिला होता, बाकी ठोकळा पाण्यासारखा नितळ होता. मी तो हातात घेऊन बसले आणि मला म्हणावा तसा आनंद झाला नाही.

नसीमबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. ठोकळा उजेडात फिरवून पाहिला. शेवंती, गुलाब, दोऱ्याची गाठ, सगळं दिसत होतं.

"अम्मी गाठ अशीच मारायची," त्या म्हणाल्या. मग ठोकळा मांडीवर ठेवून विचारलं, "पहिल्याचं काय झालं होतं?"

"हार्डनर..." मी सुरुवात केली.

"मी मोजायला चुकलो," आतून आवाज आला.

अण्णा दारात होते. धुतलेला शर्ट घातलेला, गुंड्या मानेपर्यंत लावलेल्या. "मला आकडे नीट दिसत नव्हते आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. वृंदाची काही चूक नव्हती. तुमच्या आईचा हार माझ्यामुळे गेला."

मी मधे पडले. "नसीमबाई, त्यांची तब्येत बरी नव्हती, साखरेमुळे डोळे..."

"मी त्यांच्याशी बोलतेय," नसीमबाई मला म्हणाल्या. मग अण्णांकडे वळल्या. "दिसत नव्हतं तर हात लावायचा नव्हता, भाऊ. अम्मीच्या हातचं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुमची तब्येत सुधारो, मी दुआ करीन. पण तो अर्धा हार तुम्ही घालवलात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, तुमचा रागही येतो. खोटं कशाला बोलू."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

नसीमबाईंनी ठोकळा ओढणीत गुंडाळला आणि त्या गेल्या. फाटकाची कडी लावल्याचा आवाज आला. मला त्यांचा भयंकर राग आला होता. म्हाताऱ्या माणसाला, तेही दारात उभं करून.

"फारच बोलल्या," मी म्हणाले.

"बरं केलं." अण्णा माझ्या स्टुलावर बसले, कितीतरी दिवसांनी पडवीत. "पंधरा दिवस सगळे माझ्या खांद्यावर हात ठेवताहेत. तू हार्डनरला बोल लावतेस. छत्तीस वर्षं मी चुकलो नाही म्हणून लोक मला कंपाउंडर म्हणायचे. आता चुकलो, तर चुकलास असं म्हणायला एक ती बाई निघाली."

मी साचे पुसत राहिले.

"तुला राग आला होता," ते म्हणाले. "त्या दिवशी, काट्यापाशी. तू काहीतरी बोलणार होतीस."

"जाऊ दे आता."

"जाऊ देऊ नकोस. बोल."

मग मी बोलले. फडकं हातात तसंच धरून. दीड महिना तुम्ही शेजारी बसून थंडी आहे म्हणत राहिलात, हे बोलले. तुम्हाला ठाऊक होतं आणि मी रोज पुण्याला फोन करून माणसांशी भांडत होते. माझ्या कामात कुणी मरणार नाही म्हणालात, ते मला सुईसारखं टोचलं, अजून टोचतंय. आणि तुम्ही स्वतःला रोज विष टोचत होतात, आई जाऊन वर्ष उलटतं न उलटतं तोच मला तेही बघायला लावणार होतात. बोलता बोलता माझा आवाज चढला, मग फाटला. ते खाली मान घालून ऐकत होते. वाक्य संपलं की मान हलवायचे, डॉक्टर सांगताहेत आणि आपण लिहून घेतोय, तसे.

माझं बोलून झालं. 

"मोजणं तुझं," अण्णा म्हणाले. "ढवळायचं काम माझ्याकडे राहू दे. त्याला डोळे लागत नाहीत."

मी नाक पुसलं आणि त्यांच्याकडे हातमोज्यांची जोडी टाकली.

"पाच मिनिटं," मी म्हणाले. "एक सेकंद कमी चालणार नाही."